शहरबानूताईंच्या रफ वह्या

प्रयोगशाळेच्या दारातच ताई पेन्सिली काढून घ्यायच्या. बावीस पोरापोरींच्या पेन्सिली आणि खोडरबर, सगळं दूध पावडरच्या एका रिकाम्या डब्यात जमा. आत पेनच चालायचं. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि पुढे नवा लिहायचा. पान फाडलं तर त्या दिवशी घरी.

"चुकलेला आकडापण तुमचाच आहे," म्हणायच्या, "त्याला घराबाहेर काढू नका."

हे मी ऐकीव सांगत नाही. मी तिथे दर शुक्रवारी असायचो. मी गणपत सकपाळ, महाडकडचा, नववी नापास. बाण्णव साली कुवेतला आलो तो मजूर म्हणून, नंतर मिनीबस चालवायला लागलो. उरलेल्या वेळात लोकांची भांडणं अंगावर घ्यायचो. कुणाचा पासपोर्ट मालकाने दाबलेला, कुणाला सुट्टीच मिळत नाही, कुणाच्या खोलीत बारा माणसं आणि एक पंखा. कायदा मी वाचून वाचून शिकलो, अरबी शिव्या खाऊन शिकलो. लोक त्याला समाजकार्य म्हणतात. माझी बायको उपद्व्याप म्हणते.

शहरबानू परकार दाभोळच्या खाडीकडच्या. रत्नागिरीला बी.एस्सी. झाल्या, लग्न होऊन चौऱ्याण्णवला कुवेतला आल्या. नवरा यासिर फहाहीलला एका दुकानात. त्या स्वतः शुवैखच्या एका खासगी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायच्या. इमारतींच्या टाक्या, टँकर, बाटल्या, सगळं त्यांच्या टेबलावर यायचं. यासिरभाई चेष्टेने म्हणायचे, "आमची बाय पाणी पीत नाय, वाचते."

पेन्सिलीचं वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनी मला एकदा गाडीत सांगितलं. बी.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेत पुडीतलं पांढरं मीठ कोणतं ते ओळखायचं होतं. प्रयोगशाळेचा शिपाई वर्गातून फिरताना हळूच सांगून जायचा. सगळ्यांनाच सांगायचा, प्रेमाने. त्याला वाटायचं, पोरांचं भलं करतोय. ताईंना पन्नासात सत्तेचाळीस पडले.

"त्या सत्तेचाळीसात माझे किती आणि शिपायाचे किती, ते मला आजसुद्धा माहीत नाही, गणपतभाऊ."

मग कुवेतची नोकरी. दुसऱ्याच महिन्यात एका इमारतीच्या टाकीचं पाणी आलं. रजिस्टरमध्ये मागच्या महिन्याचा आकडा होताच. ताईंनी दोनदा तपासलं, आकडे जमेनात, तिसऱ्यांदा न तपासता मागच्या आकड्याच्या आसपासचा एक छानसा आकडा लिहून टाकला. कॉलेजात हेच तर शिकवलेलं. उत्तर ठाऊक असतं, मग मागे मागे जात वाचनं, म्हणजे मोजलेले आकडे, बसवायची. त्यांचा वरिष्ठ एक म्हातारा इजिप्शियन होता. त्याने रजिस्टर पाहिलं, ताईंकडे पाहिलं, म्हणाला, माझ्यासमोर कर. समोर केलं तर आकडा दुप्पट. म्हातारा ओरडला नाही. रजिस्टर पुढे सरकवून एवढंच विचारलं, "त्या इमारतीतली माणसं पाणी पितात की हे रजिस्टर?"

त्यानंतर ताईंनी पेन्सिल हातात धरली नाही.

आता अभ्यासकेंद्राचं. भारतातल्या एका विद्यापीठाने कुवेतमध्ये बी.एस्सी.चं केंद्र उघडलं, दोन हजार दोन साली. इथे वाढलेली आपली पोरं बारावीनंतर जाणार कुठे? आईबापांना त्यांना एकटं भारतात धाडायचं नसतं. पुस्तकाचा अभ्यास घरी आणि प्रॅक्टिकल दर शुक्रवारी, फिंतासच्या एका शाळेची प्रयोगशाळा उसनी घेऊन. सकाळी आठला सुरू, जुम्म्याच्या नमाजाच्या आत बंद. पोरं गोळा करायचं काम माझ्या मिनीबसचं. केंद्राचे समन्वयक राजन साठे. पुण्याचे इंजिनिअर, पेट्रोकेमिकलमध्ये पंधरा वर्षं, राहायला रुमैथियाला. आमच्या मंडळाच्या गणपतीला आरती तेच म्हणायचे, खणखणीत. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मला ते सांगता येईल की नाही, शंका आहे.

ताईंना केंद्रात आणलं ते राजननीच. पहिल्या दिवशी विद्यापीठाचं प्रॅक्टिकलचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. ताईंनी तिथेच उभ्याउभ्या चाळलं.

"साठेसाहेब, ह्यात प्रत्येक प्रयोगाच्या खाली उत्तर छापलंय."

"मग? पोरांना पडताळा नको का?"

"उत्तर माहीत असेल तर पोरं प्रयोग कशाला करतील? मीही केला नव्हता."

राजन हसले. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला पटेल तसं करा. रसायन शिकवायची पद्धत बदलली पाहिजे, हे मी पुण्यात असल्यापासून बोंबलतोय. कुणी करणारं भेटलं नाही. तुम्ही करा, मी मागे उभा आहे."

मागे उभा आहे. हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले, ब्युरेटांचा, म्हणजे मापाच्या लांब काचनळ्यांचा, खोका माझ्या डोक्यावर होता तेव्हा.

पुढच्या शुक्रवारी ताईंनी पोरांना घरच्या नळाचं पाणी आणायला सांगितलं. आपापल्या इमारतीचं, बाटलीत भरून, वर पत्ता लिहून. कुवेतचं पाणी म्हणजे समुद्राचं पाणी उकळून केलेली वाफ. त्या वाफेच्या पाण्याला चव नसते म्हणून त्यात थोडं जमिनीतलं मचूळ पाणी मिसळतात. किती मिसळतात, ते दिवसागणिक बदलतं. पुढे ते प्रत्येक इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत तापतं, मुरतं. म्हणजे बावीस बाटल्यांत बावीस पाणी. त्याचा जडपणा, म्हणजे त्यात क्षार किती ते, मोजायचं. पाण्यात रंगाचे दोन थेंब टाकले की ते दारूसारखं लाल होतं, वरून ब्युरेटमधून थेंब थेंब औषध सोडायचं, आणि एका थेंबाला लालचं निळं होतं. तो थेंब पकडायचा. तीनदा करायचं.

राजनची मुलगी जुईली त्याच वर्गात होती. अठरा वर्षांची, हुशार, मराठी समजायची पण जीभ इंग्रजीकडे धावायची. तिने हात वर केला. "मॅम, व्हॉट इज द आन्सर सपोज्ड टू बी?"

"मला काय माहीत?"

वर्ग हसला. जुईली नाही हसली. "मग तुम्ही चेक कसं करणार?"

"मी नाही करणार. तुझ्या रुमैथियाच्या गल्लीतला अजून कोण आहे? प्रसाद? त्याची बाटली तू कर, तुझी तो करेल. भांडा. कोण बरोबर ते तुम्ही दोघांनी मला पटवायचं."

"आणि तीन रीडिंग मॅच झाली नाहीत तर?"

"तर लिही, मॅच झाली नाहीत. मार्क जुळण्याला नाहीत. का जुळलं नाही, ते सांगण्याला आहेत."

खोटं सांगत नाही, पहिले दोन महिने पोरं रडकुंडीला आली होती. गाडीत शिव्या घालायची ताईंना. तिसऱ्या महिन्यापासून गाडीतली भांडणं बदलली. "तुमच्या टाकीचं झाकण उघडं असतं म्हणून तुझं जास्त आलं." "जा रे, तू ब्युरेट वरून वाचलीस, डोळा लेव्हलला नव्हता." मी आरशातून बघायचो आणि मनात म्हणायचो, नववीला मला असं कुणी शिकवलं असतं तर मी नापास झालो नसतो. खरं म्हणजे मी प्रयोगशाळेत थांबायला लागलो ते तेव्हापासून. नळ्या धुवायचो, आणि बघून बघून टायट्रेशन शिकलो. दोन हजार तीनच्या मार्चमध्ये इराकच्या लढाईचे भोंगे वाजत होते, विषारी वायूच्या भीतीने खिडक्यांना प्लास्टिक आणि तपकिरी चिकटपट्टी लावलेली. चार शुक्रवार वर्ग बंद होता, तेव्हा सगळ्यात जास्त हळहळलो असेन तर मीच.

त्याच वर्षी थंडीत माझ्याकडे एका मजूर-वस्तीची तक्रार आली. वाळवंटाच्या कडेला दोनशे माणसं, पाणी टँकरचं, सगळ्यांची पोटं बिघडलेली. कंपनीचा माणूस म्हणायचा, पाणी उत्तम आहे, तुमच्या लोकांना हात धुवायची सवय नाही. मी दोन बाटल्या भरून ताईंकडे आणल्या. ताईंनी त्या वर्गात ठेवल्या, कुठल्या ते न सांगता. जुईलीच्या टेबलावर एक गेली. तिने औषध सोडायला सुरुवात केली. दहा, वीस, तीस. नळाच्या पाण्याला पाच मिली पुरतं. पन्नासची ब्युरेट संपली तरी पाणी लालच.

"मॅम, समथिंग इज राँग विथ मी."

"तुझ्यात काही राँग नाही. परत भर."

तीनदा केलं, तिन्ही वेळा ब्युरेट संपली. टँकरवाला बागेला घालायचं मचूळ पाणी माणसांना पाजत होता. मी जुईलीच्या रफ वहीचं ते पान घेऊन कंपनीत गेलो. तिथला मॅनेजर पान बघून हसला. "हे काय, पोरीच्या वहीचा कागद? खाडाखोड बघ केवढी." मी म्हटलं, साहेब, खाडाखोड आहे म्हणूनच आणलाय. बघा, इथे तिला वाटलं आपण चुकलो, रेघ मारली, पुन्हा केलं, तेच आलं. बनवाबनवी करणाऱ्याच्या कागदाला डाग नसतो. माणूस जरा विचारात पडला. शेवटी ताई स्वतः आल्या आणि त्याच्या ऑफिसच्या टेबलावर त्याच्यासमोर ब्युरेट उभी केली. आठ दिवसांत टँकर बदलला. मी अकरा वर्षं अर्ज लिहीत होतो, पण माझ्या कुठल्याच अर्जाला त्या पानाइतकी धार नव्हती.

त्यानंतर ताईंच्या डोक्यात ते भरलं. फक्त कुवेत कशाला? विद्यापीठाची केंद्रं आखातभर आहेत, सगळीकडे तेच उत्तरं छापलेलं पुस्तक. ताईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून वर्षभरात बारा प्रयोग लिहून काढले. एकाचंही उत्तर आधी ठाऊक नसलेले. नळाचं पाणी, बाजारातला व्हिनेगर, वॉशिंग पावडर, गच्चीवरच्या टाकीतला गंज. राजननी ते टाइप करून विद्यापीठाला पाठवले, वर स्वतःचं जोरदार पत्र जोडून. विद्यापीठाने कळवलं की दोन हजार पाचच्या मार्चमध्ये तपासणी समिती येईल. समितीला पटलं तर ताईंचे बारा प्रयोग सगळ्या केंद्रांना लागू. नाही पटलं तर जुनं पुस्तक परत, आणि आमच्या बावीस जणांनी ह्या वर्षाची प्रॅक्टिकल जुन्या पुस्तकाप्रमाणे पुन्हा करायची.

ताई एवढ्या खूश मी कधी पाहिल्या नव्हत्या. यासिरभाईंना म्हणाल्या, "मना त्या शिपायाची आता भीती नाय." मला तेव्हा अर्थ लागला नाही. नंतर लागला: उत्तरच आधी ठरलेलं नसेल तर शिपाई सांगणार काय?

समिती यायच्या तीन आठवडे आधी राजननी वर्गातल्या सगळ्या रफ वह्या मागून घेतल्या.

"मॅडम, झेरॉक्स काढून ठेवतो. समितीसमोर अडचण नको."

ताईंनी वह्या दिल्या. का देणार नाहीत? मागे उभा असलेला माणूस तो.

मग राजनचा मला फोन. "गणपतराव, दोन गुरुवार संध्याकाळी पोरांना आमच्याकडे रुमैथियाला आणाल का? समितीसाठी उजळणी घेतोय. मॅडमना सांगू नका हं, त्यांच्यावर आधीच ताण आहे. सरप्राइज देऊ."

मी आणलं. दोन्ही गुरुवार. खाली गाडीत बसून राहिलो, सुचित्रावहिनींनी वरून बटाटेवडे पाठवले, गरमागरम, लसणीची चटणी. खाल्ले. ज्याला दलाल, कंपनीची सरकारी कामं करणारा मंदूब, मालक, पोलीस कुणी कधी गंडवू शकलं नाही, तो गणपत सकपाळ खाली वडे खात बसला होता आणि वर त्याच्याच गाडीने आणलेली पोरं काय करत होती, ते त्याला ठाऊक नव्हतं.

समिती शुक्रवारी सकाळी आली. दोन जण. एक गृहस्थ अध्यक्ष, गोल चेहऱ्याचे, सारखे घड्याळ बघणारे. दुसऱ्या एक प्राध्यापिका, पांढरे केस, कॉटनची साडी, पर्समधून चष्मा काढून ताईंच्या बारा प्रयोगांचा गठ्ठा समोर ठेवून बसल्या. त्यात जागोजाग खुणेच्या चिठ्ठ्या लावलेल्या. म्हणजे बाईंनी वाचलं होतं. शाल, नारळ, खजुराचे डबे, सगळं झालं. राजननी टेबलावरचं कापड बाजूला केलं.

बावीस जर्नल. खाकी कव्हर, वर लेबल, सुंदर अक्षर, समास आखलेले. ताई पुढे वाकल्या. त्यांनी ती आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

अध्यक्षांनी एक उचललं. "वा! काय टापटीप आहे. चार पॉइंट पाच, चार पॉइंट पाच, चार पॉइंट पाच. पोरांचा हात काय स्थिर आहे हो, मॅडम!"

ताईंनी दुसरं उचललं, तिसरं उचललं. प्रत्येक पानाच्या खाली लाल शाईत सही होती, श. प. ताईंची. हुबेहूब. त्या सहीचा शेवटचा फाटा वर जातो, तोसुद्धा.

प्राध्यापिकाबाईही चाळत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "शहरबानू, तुमच्या प्रस्तावात चौथ्या पानावर तुम्ही लिहिलंय की आम्ही चुका राखून ठेवतो. मला ते वाक्य फार आवडलं होतं. त्यासाठीच मी आले, खरं सांगू? पण ह्यात एकही चूक नाही. चुका कुठे आहेत?"



"रफ वह्या," ताई राजनकडे वळल्या. "साठेसाहेब, रफ वह्या द्या त्यांना."

राजनचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मॅडम, त्या... त्यातलं सगळं फेअरमध्ये उतरवलंय. त्या आता कशाला?"

"कुठे आहेत?"

"टाकल्या. फार खराब झाल्या होत्या त्या."

ताईंनी वर्गाकडे पाहिलं. बावीस माना खाली. जर्नलवरच्या सह्या कुणी केल्या, हे विचारायची गरज पडली नाही. वर्षभर ताईंच्या शेजारी बसून वह्या तपासायला मदत करणारी एकच होती. जुईली खिडकीकडे बघत होती.

मी दारात उभा होतो. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "अहो बाई, ही सगळी बनावट आहेत! साठेंच्या घरी बसून लिहिलीत, दोन गुरुवार! मी आणलंय ह्या पोरांना, माझ्या गाडीतून! ह्यातलं एकही अक्षर ताईंचं नाही!"

अध्यक्षांनी विचारलं, "हे कोण?"

"ड्रायव्हर," राजन म्हणाले.

तीन वर्षं मी गणपतराव होतो. त्या मिनिटाला ड्रायव्हर झालो.

"गणपतभाऊ, तुम्ही थांबा," ताई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. त्या प्राध्यापिकाबाईंकडे वळल्या. आता बघा, त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, हो, ह्याच आमच्या नोंदी. बाईंना प्रस्ताव आवडलाच होता. अध्यक्षांना जेवायला जायची घाई होती. सही झाली असती. बारा प्रयोग आखातभर गेले असते. मला माहीत आहे, त्यांच्या मनात हे येऊन गेलं, कारण त्या थोडा वेळ त्या लाल सहीवर बोट ठेवून उभ्या होत्या.

"ह्या सह्या मी केलेल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "हे आकडे माझ्या वर्गाचे नाहीत. नळाचं पाणी तीनदा मोजून तीनदा चार पॉइंट पाच कुणाचंच येत नाही, माझंही येत नाही. हे बघून तुम्ही माझे प्रयोग मंजूर करू नका."

बाईंनी चष्मा काढला. "मग मी काय बघून मंजूर करू?"

ह्याचं उत्तर रुमैथियाच्या कचऱ्यात होतं.

"त्यांना आत्ता करायला सांगा," ताई म्हणाल्या. "बाटल्या आहेत. अर्धा तास."

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, जिथे नोंदीच बनावट, तिथे प्रात्यक्षिकाचा काय भरवसा?" आणि उठले. प्राध्यापिकाबाई जाताना ताईंच्या समोर क्षणभर थांबल्या. "फार वाईट वाटतंय मला," म्हणाल्या. पण गेल्या.

खाली पार्किंगमध्ये मी राजनला गाठलं. कॉलर धरली नाही, हे माझ्यावर माझेच उपकार.

"का केलंत?"

"तिच्यासाठीच केलं, गणपतराव!" आता पुन्हा गणपतराव. घामाने शर्ट भिजला होता त्यांचा. "तुम्हाला विद्यापीठाची समिती माहीत नाही. खाडाखोडीच्या वह्या पुढे ठेवल्या असत्या तर पहिल्या पानावर नापास. मी पुण्यात शिकलोय, मला ठाऊक आहे ह्या लोकांना काय लागतं. ती प्राध्यापिका असं विचारेल हे कुणाला ठाऊक?"

"तुम्ही इंजिनिअर ना? प्लांटमध्ये असे आकडे बदलता?"

ते भडकले. खरोखर भडकले. "पंधरा वर्षांत एक आकडा इकडचा तिकडे केलेला नाही मी! एक! प्लांटचा लॉग वेगळा. जर्नल काय नोंद असते का? जर्नल म्हणजे जर्नल. ते स्वच्छच असायला लागतं. सगळ्या महाराष्ट्रात सगळ्यांनी असंच लिहिलंय. तुमच्या शहरबानूमॅडमनीसुद्धा."

ह्याचा राग मला आजही येतो, कारण तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. लबाड माणसाशी कसं भांडायचं ते मला येतं, जन्म गेलाय त्यात. पण हा प्रामाणिक माणूस होता, आणि जर्नल हा कागद त्याच्या प्रामाणिकपणात मोडतच नव्हता. तीन वर्षं त्याने ताईंच्या पद्धतीवर भाषणं दिली, आणि ती पद्धत काय आहे हे त्याला कळलंच नव्हतं.

त्याच दुपारी मी रुमैथियाला गेलो आणि त्यांच्या इमारतीमागच्या बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचराडब्यात उतरलो. वह्या फेकून दोन आठवडे झालेले, डबा रोज रिकामा होतो, हे मला कळत होतं. तरी उतरलो. आत दोन मांजरं होती. वरून एक कुवेती म्हातारा विचारत होता, "शिनू तदव्वर?" काय शोधतोस? काय सांगू त्याला?

महिन्याने विद्यापीठाचं पत्र आलं. केंद्रात अनियमितता आढळली, प्रॅक्टिकल जुन्या पुस्तकानुसार घ्यावीत, चालू वर्षाची पुन्हा घ्यावीत. पोरांच्या आईबापांचे फोन कुणाला गेले? ताईंना. "तुम्ही गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? पोरांच्या वर्षाशी खेळलात." राजनला कुणी काही म्हटलं नाही. ते समन्वयक राहिले, गणपतीत आरती म्हणत राहिले. मी त्या वर्षी मंडळात गेलो नाही. पुढेही नाही. ताईंना केंद्राने 'तूर्त गरज नाही' असं कळवलं. बावीस पोरांपैकी एकानेही विद्यापीठाला एक ओळ लिहिली नाही की नाही हो, आम्ही खरंच मोजलं होतं. बावीस जण. मी एकेकाला फोन केला. कुणी अभ्यासात होतं, कुणाचा बाबा उचलायचा.

ताई नंतर कुठेच शिकवायला गेल्या नाहीत. शुवैखला पाणी तपासत राहिल्या.

जुईली आली ती मेच्या अखेरीस. तिनेच मला फोन केला होता. "काका, मला मॅमकडे सोडाल? बाबांना माहीत नाही." मला वाटलं, चला, एकाला तरी लाज आहे. फिंतासला ताईंच्या घरी नेलं. हातात केकचा खोका.

ताईंनी दार उघडलं. मी जिन्यातच थांबलो.

"मॅम, आय अ‍ॅम सो सॉरी." पोरगी रडायला लागली. "बाबा म्हणाले, तुमचं काम व्हावं म्हणून आहे हे. मला वाटलं, आकडे थोडे नीट केले तर काय... आय डिड इट फॉर यू, मॅम. सह्यापण. आय अ‍ॅम रिअली सॉरी."

ताईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "रुमैथियाचं तुझं खरं किती आलं होतं?"

"काय?"

"तुमच्या नळाचं. डिसेंबरमधलं. तीन वाचनं होती. मला आठवतं, तू खूप भांडली होतीस प्रसादशी. किती होती?"

जुईलीने डोळे पुसले. आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, तिच्या कपाळावर आठ्या पडलेल्या मला जिन्यातून दिसत होत्या.

"आठवत नाही, मॅम. चार पॉइंट पाच... नो, ते आम्ही नंतर लिहिलं." थांबली. "आता तेच आठवतं."

"बाटली आहे घरात. जा, पाणी आण. ब्युरेट मी देते. परत कर."

"मॅम, गुरुवारची फ्लाइट आहे. पुण्याला अ‍ॅडमिशन झाली माझी. पॅकिंग चाललंय."

ताईंनी मान हलवली. केकचा खोका घेतला नाही, परतही दिला नाही, तो जुईलीने चपलांच्या रॅकवर ठेवला. आतून यासिरभाईंनी हाक मारली, तेव्हा ताई वळल्या.

खाली आल्यावर जुईली सवयीने माझ्या शेजारच्या सीटवर बसली. "काका, शी डिडन्ट ईव्हन शाउट."

मी गाडी सुरू केली नाही.

"बाबांना फोन कर," म्हटलं, "येतील न्यायला. मागे उभे असतात ते." आणि मी उतरून तिच्या बाजूचं दार उघडून धरलं, ती बाहेर येईपर्यंत.